ऑर्डरच्या पोटातला काळ

एका वाचकाने ऑनलाइन दुकानातून पुस्तक मागवलं तेव्हा किंमत ३०० रुपये होती आणि पत्ता नाशिकचा. वर्षभरात पुस्तक ३५० रुपयांवर गेलं, वाचक पुण्याला राहायला गेला. आता जुनी ऑर्डर उघडली तर काय दिसायला हवं? अर्थात ३०० रुपये आणि नाशिक.

१९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या रिलेशनल पद्धतीत ही माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत विभागली जाते. २००९ मध्ये आलेल्या मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये मात्र अख्खी ऑर्डर एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवता येते. मग आत काय घ्यायचं आणि कशाचा नुसता आयडी ठेवायचा? मला हा प्रश्न मुळात काळाचा वाटतो. भाव आणि पत्ता त्या क्षणी गोठायला हवेत, म्हणून त्यांची प्रत ऑर्डरमध्येच. ग्राहकाचा फोन नंबर आजचा हवा, म्हणून तिथे फक्त ग्राहकाचा आयडी. पुस्तकावरचे अभिप्राय तर वाढतच जाणार. ते पुस्तकाच्या डॉक्युमेंटमध्ये कोंबत राहिलं तर एक दिवस १६ एमबीची मर्यादा आडवी येईल. त्यांना वेगळं घर हवं.

हे निर्णय नोड.जेएसमध्ये लिहून ठेवायला मंगूस ही लायब्ररी आहे. स्कीमामध्ये, म्हणजे डॉक्युमेंटच्या आराखड्यात, ‘नग: संख्या, किमान १’ असं सांगितलं की फॉर्ममधून मजकूर म्हणून आलेला आकडा मंगूस स्वतःच संख्येत बदलतं, आणि अक्षरी ‘दोन’ आलं तर नकार देतं. स्कीमात नसलेलं फील्ड ते गुपचूप गाळून टाकतं. एक खाचखळगा इथे आहे: सेव्ह करताना किमान १ची अट तपासली जाते, पण थेट अपडेट पाठवला तर ती तपासणी वेगळी मागावी लागते.

पण मला खरं थक्क करतो तो प्रत्येक डॉक्युमेंटला मिळणारा आयडी. अवघे १२ बाइट! मोंगोडीबीच्या माहितीपुस्तिकेत उदाहरण म्हणून दिसणारा एक आयडी ‘५०७एफ१एफ७७’ असा सुरू होतो. या षोडशमान संख्येचं दशमानात रूपांतर केलं की १,३५,०५,०८,४०७ मिळतात. १९७०च्या आरंभापासून तितके सेकंद मोजत या, म्हणजे १७ ऑक्टोबर २०१२, ग्रीनिचची रात्रीची ९ वाजून १३ मिनिटं २७ सेकंद. आपल्याकडे तेव्हा १८ तारीख लागून पावणेतीन होत आले होते. हे झाले पहिले ४ बाइट. पुढचे ५ आयडी बनवणाऱ्या चालू प्रोग्रामसाठी यादृच्छिकपणे निवडलेले, आणि शेवटचे ३ एकेकाने वाढणारी मोजणी: एका सेकंदात १ कोटी ६७ लाखांहून अधिक वेगळे आयडी देण्याइतकी.

आणि हा आयडी सहसा डेटाबेस देतच नाही. मंगूसमध्ये नवी ऑर्डर तयार केली की सेव्ह होण्याआधीच तो तिच्याजवळ असतो, कुठल्याही मध्यवर्ती नोंदवहीला न विचारता. म्हणून ऑर्डर आणि तिची पावती डेटाबेसपर्यंत पोचण्यापूर्वीच एकमेकींचा आयडी बाळगू शकतात. नुसत्या आयडीने क्रम लावला तरी ऑर्डरी जवळपास आल्या तशाच लागतात. सर्व्हरची घड्याळं जुळलेली असली, तरी एकाच सेकंदात दोन ठिकाणी जन्मलेल्या ऑर्डरींपैकी आधीची कोणती, एवढंच त्यावरून सांगता येत नाही.