कंबरेचा मणका पिचला, तर नसा कशा सांभाळाल?

नागपूरच्या सक्करदऱ्यात ऊन तापू लागले की घरोघरी कूलर भरणे सुरू होते. सत्तरीच्या आजी भरलेली बादली उचलतात आणि कंबरेत चमक निघते. ‘उसण भरली’ म्हणून घरचे मोकळे होतात. मात्र हाडे ठिसूळ, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस झालेली असतील, तर एवढ्या भारानेही मणका पिचतो.

आधी रचना पाहू. कंबरेत पाच मणके आणि त्यांच्याखाली सेक्रम हे तिकोनी हाड असते. मज्जारज्जू साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली केरसुणीच्या काड्यांसारखा नसांचा झुबका उतरतो. पायांची ताकद, लघवी आणि शौच याच नसांच्या हाती असते.

मणका बहुधा पुढच्या बाजूने चेपतो, तेव्हा नसा वाचतात. त्याची मागची भिंत फुटून तुकडा आत सरकला, तर त्या दबतात. कधी मणका हळूहळू खचत जातो आणि त्रास काही आठवड्यांनी सुरू होतो. म्हणून पहिल्या दिवशी पाय ठीक होते एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

रोज चार गोष्टी विचारा. चालताना चप्पल नकळत निसटते का? पायाला मुंग्या येतात का? शौचानंतर धुताना पाण्याचा स्पर्श जाणवतो का? लघवी नीट होते का?

सर्वाधिक फसगत लघवीत होते. मूत्राशय तुडुंब भरलेले असते, पण त्याची जाणीव गेलेली असते. मग लघवी थेंबथेंब गळते. घरचे ‘वय झालं’ म्हणून डायपर आणतात. हा वयाचा दोष नसून नस दबल्याची खूण असू शकते.

लघवी अडली किंवा गळू लागली, जांघेत बधिरपणा आला, पाय लुळा पडला, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. हनुमाननगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे ‘मेडिकल’, सक्करदऱ्याहून जवळच आहे. दबलेली नस किती सुधारेल, हे बऱ्याच अंशी ती किती लवकर मोकळी होते यावर ठरते.

दुसरी चूक म्हणजे पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेणे किंवा जोरात चोळून घेणे. पिचलेल्या मणक्यावर असा दाब धोक्याचा.

एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे हटत नसेल, तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. सेक्रमची बारीक चीर एक्स-रेत अनेकदा दिसत नाही.

दुखणे थांबले म्हणजे उपचार संपले असे नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल, तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या सहसा पुरत नाहीत. हाडे बळकट करणारे औषध डॉक्टरांकडून वेळेत सुरू करा. एक मणका पिचलेल्या माणसाचा दुसरा पिचण्याचा धोका बराच वाढलेला असतो.