मॅक्लिअरचा उंदीर

१८९७ साल म्हटले की मराठी वाचकाला पुण्याचा प्लेग आठवतो आणि घराघरांत मरून पडणारे उंदीर. त्याच वर्षी जावाच्या दक्षिणेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या ख्रिसमस बेटावर चार्ल्स अँड्र्यूज हा ब्रिटिश म्युझियमचा अभ्यासक वेगळ्याच उंदरांनी हैराण झाला होता. अंधार पडला की सगळे रान त्यांच्या चिरक्या भांडणांनी भरून जाई. फळांसाठी ते झाडांवर चढत, तंबूत शिरत, निजलेल्या माणसाच्या अंगावरून धावत. तांबूस तपकिरी अंग, पाठीवर लांब काळे राठ केस, शेपटीचा टोकाकडचा भाग पांढरा. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या या जातीला बेटावर आलेल्या ब्रिटिश जहाजाचे कप्तान मॅक्लिअर यांचे नाव मिळाले होते.

पुढच्या दहा वर्षांत तो संपला. कुणी मारला नाही, रानही सगळे तोडले नव्हते. बेटावर फॉस्फेटच्या खाणी निघाल्या, बोटी ये-जा करू लागल्या आणि १८९९मध्ये एका बोटीतून, बहुधा वैरणीत लपून, काळे उंदीर उतरले. बोटीचे नाव ‘हिंदुस्तान’. (या नावापाशी मी दर वेळी अडखळतो.) थोड्याच वर्षांत बेटावरच्या माणसांना भरदिवसा पायवाटांवर खुरडत चाललेले आजारी उंदीर दिसू लागले. रात्री बाहेर पडणारा प्राणी उन्हात यावा, हेच विपरीत. १९०८ साली अँड्र्यूज परत आला, तेव्हा त्याला एकही मॅक्लिअर उंदीर सापडला नाही. त्याच बेटावरचा आखूड शेपटीचा, जाड चरबीचा ‘बुलडॉग’ उंदीरही गेला होता.

संशय होता तो रक्तातल्या ट्रिपॅनोसोम या एकपेशीय परजीवीवर. या गटातला एक परजीवी टिमथी लुईस या डॉक्टरांनी १८७०च्या दशकात कोलकात्याच्या उंदरांत पाहिला होता. पिसवा तो एका उंदराकडून दुसऱ्याकडे नेतात. काळ्या उंदराला त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. बेटावरच्या भावंडाची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती.

पुरावा संग्रहालयांच्या खणांत पडून होता. २००८मध्ये संशोधकांनी त्या वाळलेल्या कातड्यांतून डीएनए काढला. काळे उंदीर येण्याआधी पकडलेल्या मॅक्लिअर उंदरांत परजीवीचा मागमूस नव्हता. नंतरच्या काहींत तो होता. दोन्ही जातींचा संकर होऊन मूळ जात विरघळली, असेही पूर्वी म्हटले जाई. त्याला मात्र जनुकीय आधार मिळाला नाही. संग्रहालय म्हणजे धूळ आणि फॉर्मलिन असे समजणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो. पकडल्याच्या तारखेची चिठ्ठी नसती, तर या कातड्यांवरून ‘आधी’ आणि ‘नंतर’ ठरलेच नसते.

बेटावरच्या प्रसिद्ध लाल खेकड्यांची अफाट संख्या हा उंदीर गेल्याचाच परिणाम असावा, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते दृश्य फार जुने नाही.

२००८च्या चमूतले टॉम गिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी २०२२मध्ये पुन्हा याच कातड्यांकडे वळले. नामशेष जात परत आणता येईल का, हे त्यांना तपासायचे होते. घरोघरच्या तपकिरी उंदराशी ताडून पाहता जवळजवळ सगळा जीनोम जुळवता आला. सुमारे पाच टक्के मात्र हाती लागेना. हरवलेल्या भागात मुख्यतः दोन कामांची जनुके होती: एक वास घेण्याची, दुसरी रोगाशी लढण्याची.