पिनकोड टाकला की ‘नाशिक’ कसं येतं?

ऑनलाइन खरेदी करताना ४२२००१ टाइप केलं की पुढच्या चौकटीत ‘नाशिक’ आपोआप उमटतं. पडद्यामागे एक प्रोग्रॅम दुसऱ्याला विचारतो, हा पिन कुठला? या प्रश्नोत्तराच्या वाटेला एपीआय म्हणतात. उत्तरावरून पुढचा प्रश्न निघतो: तिथे माल पोचतो का?

ही साखळी नीट चालते का, हे तिसराच, चाचणीचा प्रोग्रॅम तपासत असतो. त्याला इनपुट कोणतं द्यायचं, हे पिनच्या रचनेवरूनच सुचतं. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला अंक विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. शून्याने एकही पिन सुरू होत नाही. म्हणून बरोबर सहा अंकी पिनसोबत पाच अंकी, सात अंकी, शून्याने सुरू होणारा, रिकामा आणि मध्ये जागा सोडलेला पिनही देऊन पाहायचा. पाकिटावर आपण जागा सोडतोच की! माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा देवनागरी अंकांतला पिन. तो ‘चुकीचा’ म्हणून परत आला, तर दोष प्रोग्रॅमचा, मराठी कीबोर्ड वापरणाऱ्याचा नव्हे.

ही इनपुट वेगळ्या तक्त्यात ठेवतात, प्रत्येकासमोर अपेक्षित उत्तर लिहून. मोदकाचा साचा तोच, सारण तेवढं बदलायचं. नवी शंका आली की तक्त्यात एक ओळ वाढते. दुसऱ्या पायरीला, म्हणजे ‘माल पोचतो का?’ या प्रश्नाला, लागणारं शहराचं नाव मात्र तक्त्यातून देऊ नये. ते पहिल्या पायरीच्या उत्तरातूनच यायला हवं, नाहीतर पहिली बिघडली तरी दुसरी खुशाल पास होते.