ओट्यापुढची चढण

सुरतेच्या उधना-लिंबायतमधल्या मराठी वस्तीत घराचा ओटा रस्त्यापासून फूट-दीड फूट उंच असतो. बॅटरीवरच्या मोबिलिटी स्कूटरचं पहिलं भांडण याच ओट्याशी होतं. नियम सांगतो, उतारमार्ग 1:12 चा हवा, म्हणजे उंची 1 तर लांबी 12. म्हणून 45 सेंटिमीटरच्या ओट्याला 5.4 मीटर उतार लागतो. एवढी जागा गल्लीत कुठून आणायची? मग फळी उभट टाकली जाते आणि स्कूटर मागे कलंडायची भीती राहते. 1:12 वरही स्वार आणि गाडी मिळून 150 किलो असतील, तर मोटारीला साडेबारा किलोची जादा ओढ द्यावी लागते. बॅटरी चढणीवरच संपते, ती अशी.

घरात, मॉलमध्ये तीनचाकी बरी, कारण ती कमी जागेत वळते. बाहेर चारचाकी, कारण वळणावर ती सहसा डगमगत नाही. दोन्हीचं काम एकीकडून करून घ्यायचा हट्ट मला तरी महागडा वाटतो.

सुरतेत बीआरटीएसची स्थानकं बसच्या पातळीला आहेत, उत्तमच. पण ती रस्त्याच्या मधोमध असल्याने आधी वाहनांची धार ओलांडावी लागते. डुमसच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मात्र लहान चाकं रुततातच. तिथे पक्क्या रस्त्यावरूनच समुद्र पाहावा. भजी तिथेही मिळतात!