आशियाई हत्ती : आहार, वर्तन आणि परिसंस्थेतील स्थान

प्रस्तावना :
२००२ मध्ये कर्नाटकातील जंगलातून रानहत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आले. तेव्हापासून तिलारी परिसरातील माड, सुपारी, केळी आणि भातशेतीचे नुकसान हा तेथील शेतकऱ्यांपुढील गंभीर प्रश्न बनला आहे. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोलीत दाखल झाला. ज्या गुणधर्मांमुळे हत्ती जंगलास उपकारक ठरतो, त्याच गुणधर्मांमुळे तो शेतीस अपायकारक ठरतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शरीररचना व आहार :
प्रौढ हत्तीस दिवसाला सुमारे १५० किलो चारा व १०० लिटरहून अधिक पाणी लागते. हत्ती रवंथ करीत नाही. अन्नाचे किण्वन त्याच्या मोठ्या आतड्यात होते आणि खाल्लेल्या अन्नाचा निम्म्याहून अधिक भाग न पचताच बाहेर पडतो. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यास दिवसाचा बहुतांश काळ चरावे लागते आणि सतत स्थलांतर करावे लागते.

सामाजिक वर्तन :
माद्या व पिल्ले यांच्या कळपाचे नेतृत्व अनुभवी मादी करते. पाण्याच्या व चाऱ्याच्या जागांची तिची स्मृती दुष्काळात कळपास तारते. माणसास ऐकू न येणाऱ्या, २० हर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येच्या ध्वनींद्वारे हत्ती दूरवर संपर्क साधतात. नर वयात आल्यावर कळपापासून वेगळे होतात. शेतात शिरण्याचे प्रमाण माद्यांच्या कळपांपेक्षा प्रौढ नरांमध्ये अधिक असल्याचे रामन सुकुमार यांच्या दक्षिण भारतातील अभ्यासातून दिसून आले आहे. पौष्टिक पिकामुळे नराची शरीरशक्ती वाढते व प्रजननात त्यास लाभ होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. गर्भधारणेचा काळ १८ ते २२ महिने असून मादीस बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

परिसंस्थेतील भूमिका :
अपुऱ्या पचनामुळे फळांतील अनेक बिया शेणातून शाबूत बाहेर पडतात आणि मूळ वृक्षापासून कित्येक किलोमीटर दूर रुजतात. पश्चिम बंगालमधील बक्सा येथे कुंभा व मोठा करमळ यांसारख्या वृक्षांच्या बीजप्रसाराचा अभ्यास झाला आहे. गायी-म्हशी तीच फळे खात असल्या, तरी दूरवरच्या बीजप्रसारात त्या हत्तीची उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाहीत, असे त्यात आढळले. याशिवाय हत्तीने मोडलेल्या फांद्यांचा पाला लहान तृणभक्षी प्राण्यांस मिळतो आणि त्याच्या शेणावर शेणकिडे व बुरशी पोसल्या जातात.

निष्कर्ष :
मोठी भूक व दीर्घ भ्रमंती ही सलग जंगलात बीजप्रसाराची साधने ठरतात. धरणे, रस्ते, खाणी व बागायतीमुळे जंगल तुटले की तीच भ्रमंती शेतातून होऊ लागते. चर व कुंपण यांमुळे हत्ती एका गावातून थांबले, तरी शेजारच्या गावाकडे वळू शकतात. म्हणून जंगलांना जोडणारे भ्रमणमार्ग राखणे हा दीर्घकालीन उपाय होय. मात्र त्याचा भार केवळ अल्पभूधारकाने सोसावा, हे न्याय्य नाही. माड वा सुपारी फळास येण्यास अनेक वर्षे लागतात. भरपाई ठरविताना केवळ एका हंगामाच्या उत्पन्नाऐवजी या वर्षांचा हिशेब धरला गेला, तरच हत्तीच्या संरक्षणास स्थानिकांचे सहकार्य टिकून राहील.