पावसाच्या गावी ऊन

सिएटल हे नाव आता आपल्या घरांना परके राहिलेले नाही. पेढीवर बसणाऱ्या पिढीची कितीतरी मुले संगणकाच्या व्यवसायानिमित्त त्या शहरात किंवा त्याला लागून असलेल्या रेडमंड आणि बेलव्ह्यू येथे स्थिरावली आहेत. उन्हाळा आला की इकडचे आईवडील नातवंडांच्या ओढीने तिकडे निघतात. निघताना त्यांना ठरलेला सल्ला मिळतो: तिथे कडाक्याची थंडी नाही, रणरणते ऊन नाही, आहे तो केवळ पाऊस. हा सल्ला वर्षातील बहुतेक दिवस खराच असतो. मात्र दशकातून काही थोडे दिवस तो साफ खोटा ठरतो आणि त्या दिवसांत हे संपन्न, सुशिक्षित शहर ज्या रीतीने गोंधळते, ती पाहून बाहेरच्यास प्रथम हसू येते. हे हसू कितपत योग्य आहे, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम तेथील पावसाविषयी. सिएटलला वर्षभरात सुमारे एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबई अवघ्या चार महिन्यांत याच्या दुपटीहून अधिक पाऊस झेलते. इतकेच काय, न्यूयॉर्कचा वार्षिक पाऊसही सिएटलपेक्षा जास्त आहे. मग पावसाळी शहर ही कीर्ती कशामुळे? तर तो पाऊस वर्षातील दीडशेच्या आसपास दिवसांवर पसरलेला असतो. ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत आभाळ करडे, हवा ओलसर आणि पाऊस असा की पडतो आहे की नाही हे अंगावरच्या कपड्यांवरून कळावे. तेथील जुने रहिवासी छत्री वापरीत नाहीत. टोपी असलेला कोट पुरेसा होतो. जुलै आणि ऑगस्ट मात्र कोरडे असतात. ढग हटून दक्षिणेकडील ४३९२ मीटर उंचीचे हिमाच्छादित माउंट रेनियर शिखर दिसू लागले की लोक एकमेकांना सांगतात, ‘आज डोंगर बाहेर आला आहे.’ एवढ्या वाक्यात हवामानाचे सारे वर्तमान येते.

या हवामानावर तेथे व्यापारही उभा राहिला. १८९७ साली क्लोंडाइकच्या सोन्याच्या शोधात उत्तरेकडे निघालेल्यांना जाड लोकरी कपडे पुरविण्यासाठी फिल्सन ही पेढी सिएटलमध्ये निघाली. एडी बाउअर यांनी पिसे भरलेल्या कोटाचे स्वामित्व १९४० साली मिळविले. गिर्यारोहकांनी १९३८ साली सहकारी तत्त्वावर काढलेले आर.ई.आय. हे भांडार आज अमेरिकाभर पसरले आहे. ओलावा आणि गारठा यांसाठी लागणारे सर्व काही या गावात मिळते, आणि जे रोज लागते तेच दुकानात भरून ठेवावे, हा व्यापाराचा साधा नियम तेथेही पाळला जातो. अडचण नेमकी येथेच सुरू होते.

शहरात बर्फ फारसा पडत नाही. सरासरी वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, काही वर्षी जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात समुद्रावरून येणारी हवा उबदार असते. पण कधीकधी उत्तरेकडील फ्रेझर नदीच्या खोऱ्यातून ध्रुवीय थंड हवा घुसते, तिची गाठ समुद्राकडून आलेल्या बाष्पाशी पडते आणि हिमवर्षाव होतो. अशा वेळी सूचना निघताच दुकानांतील दूध, पाव, भाजी संपते, शाळा बंद होतात. शिकागो किंवा मिनेसोटाकडून आलेले लोक मग थट्टा करतात की चार बोटे बर्फाने हे लोक घरात दडून बसले. पण शिकागो सपाट आहे आणि सिएटल टेकड्यांवर वसलेले आहे. शिवाय येथील तापमान शून्याच्या आगेमागे रेंगाळते, म्हणून दुपारी वितळलेला बर्फ रात्री काचेसारखा गोठतो आणि सकाळी तीव्र उताराचा रस्ता म्हणजे घसरगुंडी होते. १९ डिसेंबर २००८ रोजी प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या अशाच एका उतारावरून घसरल्या आणि त्यांतील एक खालून जाणाऱ्या महामार्गावर अर्धी लोंबकळत राहिली.

त्या डिसेंबरची हकीकत हिशोबी माणसाने ऐकण्याजोगी आहे. रस्त्यावर मीठ टाकले की बर्फ वितळतो. पण ते मीठ शेवटी प्युजेट साउंड या खाडीत उतरते आणि जलचरांना बाधते, म्हणून नगरपालिकेने मीठ न वापरण्याचे धोरण ठेवले होते. वाळू टाकावी, बर्फ दाबून रस्ता चालता ठेवावा, असा तो विचार. एरवीच्या किरकोळ बर्फात ते भागले असते. त्या वर्षी मात्र बर्फ दिवसामागून दिवस पडत राहिला. नाताळच्या खरेदीचा ऐन हंगाम, व्यापाऱ्यांच्या दृष्टीने जणू आपली दिवाळी, आणि गिऱ्हाईक घराबाहेर पडू शकत नाही. महापौर ग्रेग निकल्स यांनी नगरपालिकेच्या कामगिरीला ‘बी’ ही श्रेणी दिली. नागरिकांना ती अतिशय झोंबली. महिना संपण्यापूर्वी मीठबंदीचे धोरण बदलले, आणि पुढील ऑगस्टमधील प्राथमिक फेरीतच महापौर पराभूत झाले. त्यांच्या पराभवाला इतरही कारणे होती; तरी बर्फाचा वाटा कोणी नाकारीत नाही. माझ्या मते धोरणापेक्षा ती श्रेणी अधिक महाग पडली.

बर्फाची निदान त्या शहराला तोंडओळख होती. उष्णतेची तेवढीही नव्हती. जूनच्या अखेरीस तेथील दुपारचे सरासरी तापमान बावीस-तेवीस अंश सेल्सिअस असते. २०२१ साली वातावरणात उच्च दाबाचा प्रचंड घुमट प्रदेशावर ठाण मांडून बसला. वरून खाली उतरणारी हवा दाबली जाऊन तापत गेली आणि समुद्रवाऱ्याची वाट बंद झाली. २६ जूनला पारा ३९ अंशांच्या आसपास गेला, २७ ला ४० वर आणि २८ ला ४२.२ वर. नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाल्यापासून एवढी उष्णता सिएटलने पाहिली नव्हती. दक्षिणेस पोर्टलंड शहर त्याच दिवशी ४६.७ अंशांवर पोहोचले. तेथे विजेच्या तारा वितळून ट्राम थांबल्या. सिएटलजवळ महामार्गाचे काँक्रीट फुगून उचकटले. उचलते लोखंडी पूल प्रसरण पावून अडकू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारावे लागतात, तेही मारले गेले.

नागपूर, जळगाव, सोलापूरकडील वाचक येथे म्हणतील, बेचाळीस अंश म्हणजे काय मोठे? आमच्याकडे त्या उन्हात लग्ने लागतात. म्हणणे खरे आहे. परंतु आपल्याच हवामान खात्याचे माप पाहावे. उष्णतेची लाट मानण्यासाठी मैदानी भागात किमान चाळीस अंश लागतात, किनारपट्टीवर सदतीस, तर डोंगराळ भागात तीस पुरतात. जेथे जे अंगवळणी पडले आहे, त्यावरून तेथील धोका मोजावा, हे खात्याने केव्हाच मान्य केले आहे.

त्यातही सवय ही केवळ शरीराची नसते. बरीचशी ती घराची आणि दिनक्रमाची असते. आपल्या घरात छताला पंखा आहे, माठ आहे, दुपारी दार लोटून पडण्याची रीत आहे, सुती कपडे आहेत, उन्हाची वेळ टाळून उघडणारे दुकान आहे. सिएटलचे घर याच्या उलट विचाराने बांधलेले असते. लाकडी भिंतींत ऊब धरून ठेवणारे आवरण, सूर्य मिळेल तेवढा आत घेणाऱ्या काचा, छताला पंखा बहुधा नाही. २०१९ च्या सरकारी गृहपाहणीत त्या महानगरातील निम्म्याहून कमी घरांत वातानुकूलन आढळले. देशातील मोठ्या महानगरांत हे प्रमाण सर्वांत कमी होते. अनेक खिडक्या आडव्या सरकणाऱ्या, त्यामुळे खिडकीत बसवावयाचे यंत्र ऐनवेळी आणले तरी बसत नाही. रात्रीची गार हवा आत घ्यावी, हा तेथील जुना उपाय. परंतु त्या दिवसांत रात्रीही पारा पुरेसा खाली उतरेना. म्हणून इकडून गेलेल्या ज्येष्ठांनी ‘आम्हांला उन्हाची सवय आहे’ या भरवशावर राहू नये. सवय ज्या घरात लागली, ते घर सोबत नेता येत नाही.

दुकानांतील पंखे आणि फिरती वातानुकूलन यंत्रे पहिल्या एक-दोन दिवसांतच संपली. यात दुकानदाराचा आळस शोधू नये. दहा वर्षांत एकदा लागणाऱ्या मालात भांडवल कोण गुंतवील? गोदामाचे भाडे, अडकलेला पैसा, जुना होणारा साठा, सर्व धरले तर तो तोट्याचाच सौदा. ज्यांना परवडले ते वातानुकूलित हॉटेलांत राहावयास गेले. ज्यांना नाही, ते मॉलमध्ये, चित्रपटगृहात किंवा सरोवराच्या काठी. नगरपालिकेने गारव्याची केंद्रे उघडली; पण वातानुकूलन नसलेली काही सार्वजनिक वाचनालये मात्र उकाड्यामुळे बंद ठेवावी लागली. अ‍ॅमेझॉनने आपल्या कार्यालयातील सभागृह लोकांसाठी खुले केले.

परंतु जे घराबाहेर पडूच शकले नाहीत, त्यांचे काय? वॉशिंग्टन राज्यात त्या लाटेने शंभराहून अधिक माणसे दगावली. सीमेपलीकडे, सिएटलसारखेच सौम्य आणि पावसाळी असलेले व्हँकुव्हर ज्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे, तेथे ६१९ मृत्यू झाले, आणि त्यांची चौकशी बारकाईने झाली. ९८ टक्के लोक घरातच उष्णतेने गाठले गेले होते. दोन-तृतीयांश सत्तरीचे किंवा त्याहून मोठे होते. निम्म्याहून अधिक जण एकटे राहत होते. उन्हात राबणाऱ्यांपेक्षा बंद दाराआड, कोणी विचारपूस न केलेल्या वृद्धांनाच उष्णतेने अधिक नेले. पंखे संपल्याच्या बातम्या पहिल्या दिवशी छापल्या गेल्या. हे आकडे महिन्यांनी आले. त्याच दुपारी समुद्राला ओहोटी होती. उघड्या पडलेल्या खडकांवरील शिंपले आणि इतर जीव जागच्या जागी भाजून निघाले. त्या किनाऱ्यावर अशा शंभर कोटींहून अधिक जीवांचा अंत झाला असावा, असा सागरी जीवशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. वणव्यांचा धूर २०२० च्या सप्टेंबरात आणि २०२२ च्या ऑक्टोबरात शहरावर उतरला. दुसऱ्या वेळी काही दिवस सिएटलची हवा जगातील मोठ्या शहरांत सर्वांत वाईट गणली गेली. लोकांनी चौकोनी पंख्याला भट्टीचा गाळणकागद चिकटवून घरगुती हवाशुद्धक बनविले. पंखे पुन्हा संपले, पण या खेपेस बऱ्याच घरांत ते आधीपासून होते. पुढच्या गृहपाहणीत वातानुकूलन असलेल्या घरांचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले.

उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी राज्याने २०२१ च्या जुलैतच तातडीचा नियम केला आणि २०२३ च्या जुलैपासून तो कायमचा झाला. मालकाने कामगारांना सावली आणि पुरेसे गार पाणी दिलेच पाहिजे. ३२ अंशांच्या पुढे दर दोन तासांनी दहा मिनिटांची, तर ३८ अंशांच्या आसपास दर तासाला पंधरा मिनिटांची पगारी विश्रांती द्यावी. हा नियम लागू होण्याची पहिली पायरी २७ अंशांची आहे. महाबळेश्वरला वैशाखातील दुपारी अनेकदा याहून अधिक तापमान असते, आणि आपण तेथे थंड हवा खाण्यासाठी जातो.