आदिलाबादकरांनो, पणजोबांचा शोध कोठून आरंभावा?

आमच्या आदिलाबादेत, जेथे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि जुन्या दफ्तरात उर्दू असा त्रिवेणी व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, तेथे पूर्वजांचा शोध घेऊ इच्छिणाऱ्याने कचेरीची पायरी चढण्यापूर्वी घरातील वृद्धांपाशी स्वस्थ बसावे आणि नावांबरोबरच मूळ गाव, कुलदैवत व आज्या-पणज्यांची माहेरे टिपून घ्यावीत. माहेरांचा धागा लोक हमखास विसरतात. घराण्यास जमीन असल्यास १९५४-५५ ची खासरा पहाणी आणि त्याहून जुने सेतवार पत्रक पाहावे. निजामी दस्तऐवजांवरील साल बहुधा फसली असते. त्यात सुमारे ५९० मिळविले म्हणजे इसवी सन हाती येतो, तेव्हा १३५० फसली वाचून कोणी पणजोबांना बहमनी सुलतानांच्या दरबारी नेऊन बसवू नये! गावच सापडेना, तर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आपल्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखात गेले, हे स्मरावे. आणि कोणी पूर्वज नाशिक-त्र्यंबकेश्वरी गेला असेल, तर तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत त्याच्या नावासोबत भावांची, मुलांची नावेही, क्वचित त्याच्याच हस्ताक्षरात, आढळतात.